एका तुटक्या हाडावरची प्रजाती: संशयास्पद टेरोसॉरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेरोसॉरच्या, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांच्या, प्रजातींची यादी करायला बसलं की पुष्कळ नावांपुढे ‘संशयास्पद’ असा शेरा आढळतो. यातली बरीच नावं जबड्याच्या टोकावर, एखाद्या मणक्यावर किंवा पंखाच्या हाडाच्या तुकड्यावर दिलेली असतात. मग अशी प्रजाती जवळच्या, चांगल्या माहीत असलेल्या प्रजातीत मिसळायची, वेगळी ठेवायची, की यादीतून काढूनच टाकायची?

बहुतेक वेळा यातलं एकही करायचं नसतं. नाव त्याच्या मूळ हाडापाशी राहू द्यायचं, आणि ते हाड जिथपर्यंत खात्रीने ओळखता येतं तिथेच ठेवायचं. ऐकायला सोपं आहे, पण या गटाच्या इतिहासातले बरेचसे घोळ हे न केल्यामुळे झालेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेरोसॉरची हाडं पोकळ, आत हवेच्या पिशव्या, आणि भिंत अनेकदा जेमतेम मिलिमीटरभर जाड. अखंड सांगाडे मिळतात ते मोजक्या ठिकाणी: जर्मनीत सोल्नहोफेन परिसरातली चुनखडी, चीनच्या लिआओनिंगमधले जुन्या तळ्यांचे थर, ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातले चुनखडीचे गोळे. इतरत्र हाती येतात ते तुकडे. त्यातच १९व्या शतकात जरा निराळा दिसला तुकडा की त्याला नवं नाव, अशी रीत होती. आज आपण निस्तरतोय तो त्या दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम.

तुकडा समोर आला की प्रजाती कोणती हे विचारायच्या आधी विचारायचं, हा टेरोसॉर आहे का? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण तो अजूनही लोकांना चकवतो. कॅनडाच्या हॉर्नबी बेटावरच्या एका जबड्याला २०११ मध्ये ग्वाविनाप्टेरस बीअर्डी असं नाव देऊन त्याला इस्टिओडॅक्टिलस गटातला टेरोसॉर ठरवण्यात आलं. पुढच्याच वर्षी दाखवून देण्यात आलं की तो सॉरोडोंटिड माशाचा जबडा आहे. दात चपटे आणि एकमेकांना खेटून, एवढ्या साम्यावर गाडी चालली होती. दात जबड्यात कसे बसलेत आणि त्यांच्या जागी नवे दात कसे येतात हे पाहिल्यावर चित्र पालटलं. रोमानियातल्या सेबेशजवळचा एक तुकडा २०१४ मध्ये टेरोसॉरच्या डोक्यावरच्या तुऱ्याचा भाग म्हणून प्रसिद्ध झाला, थॅलासोड्रोमियस सेबेसेन्सिस या नावाने. तो निघाला कॅलोकिबोटियन या कासवाच्या पोटाकडच्या कवचाचा. दोन्ही प्रकरणं आताआताची आहेत, म्हणजे दोष फक्त जुन्या लोकांना देऊन भागणार नाही.

उलटंही होतं. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्शने १८८१ मध्ये लाओप्टेरिक्सला पक्षी म्हणून नाव दिलं, ती कवटीची मागची बाजू टेरोसॉरची निघाली. माँटानातला पिक्सी २००२ मध्ये पक्षी होता, २०१२ मध्ये टेरोसॉर झाला. पातळ भिंतीचं पोकळ हाड एवढ्यावर कुणीही विसंबू नये. लहान मांसाहारी डायनोसॉर आणि पक्षी यांच्यातही ते असतं. भरवसा ठेवायचा तो आकारावर. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला स्नायू धरणारा मोठा पंख्यासारखा उंचवटा, चौथ्या बोटाच्या तळहाताच्या हाडाचं कप्पीसारखं दुहेरी टोक, आणि मनगटाला जोडलेलं प्टेरॉइड हे काडीसारखं हाड. यातलं शेवटचं तर दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही.

दुसरा प्रश्न: हे नक्की कुठलं हाड आहे? जॉर्डनमध्ये १९४०च्या दशकात एक लांबलचक हाड सापडलं. कामिल आरांबूर यांनी १९५९ मध्ये त्याला टिटॅनोप्टेरिक्स फिलाडेल्फिए हे नाव दिलं, आणि ते पंखाच्या तळहाताचं हाड आहे असं मानलं. तो होता मानेचा मणका. १९७५ मध्ये डग्लस लॉसनने टेक्सासमधल्या अझ्डार्किड, म्हणजे लांब मानेच्या गटातल्या टेरोसॉरशी ताडून हे लक्षात आणून दिलं. पुढे टिटॅनोप्टेरिक्स हे नाव आधीच एका माशीला दिलेलं आढळलं, म्हणून आज तो प्राणी आरांबूर्जियानिया. इथे गंमत अशी की हाड एकच, तेही अर्धवट, पण ते इतकं खास आहे की गटाबद्दल शंका उरत नाही. मानेचे मणके असे नळीसारखे लांब आणि वरचा काटा जवळजवळ सपाट, हे अझ्डार्किड गटाचं ठळक लक्षण. म्हणजे तुकडा लहान की मोठा हा मुद्दाच नाही. त्यावर काय टिकून राहिलंय हा मुद्दा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला डर्मोडॅक्टिलस मोंटॅनस. वायोमिंगच्या कोमो ब्लफमधून आलेलं, मार्शने १८७८ मध्ये नाव दिलेलं, पंखाच्या तळहाताच्या हाडाचं फक्त खालचं टोक. ती कप्पी सांगते की हा टेरोसॉर आहे. हाडाच्या प्रमाणावरून तो टेरोडॅक्टिलॉइड, म्हणजे आखूड शेपटीच्या आणि लांब तळहाताच्या मोठ्या गटातला, एवढं म्हणता येतं. त्यापुढे ते टोक एक अक्षर बोलत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ज्युरासिक टेरोसॉरच्या इतिहासात त्याला मान आहे, पण वर्गीकरणात त्याला गटाच्या खाली उतरवणं शक्य नाही. भारतातलं उदाहरण याच जातकुळीचं. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा शैलसमूहातल्या जबड्याच्या तुकड्यावर एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये कॅम्पिलोग्नॅथॉइड्स इंडिकस ही प्रजाती मांडली. ज्या जीनसचे (म्हणजे जवळच्या प्रजातींना एकत्र ठेवणाऱ्या गटाचे) चांगले सांगाडे जर्मनीच्या ज्युरासिक खडकांतून माहीत आहेत, त्यात तो तुकडा खात्रीने बसवता येत नाही, म्हणून ही प्रजाती आज संशयास्पदच धरली जाते.

आता वय. माझ्या मते निम्मं भांडण इथे मिटतं. टेरोसॉर लहानपणापासून उडत असावेत, त्यामुळे लहानग्याचा सांगाडाही पूर्ण, आटोपशीर आणि ‘वेगळ्या प्रजातीचा’ वाटतो. सोल्नहोफेनच्या ऱ्हॅम्फोरिंकसच्या १९७५ मध्ये 5 प्रजाती मानल्या जात होत्या. ख्रिस्तोफर बेनेट यांनी १९९५ मध्ये मापं मांडली तेव्हा ते नमुने आकारानुसार गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वेगळे पडले, आणि त्या ‘प्रजाती’ म्हणजे एकाच ऱ्हॅम्फोरिंकस म्युन्स्टेरीची वेगवेगळी वयं निघाली. टेरोडॅक्टिलसच्या बाबतीतही दातांची संख्या आणि कवटीची प्रमाणं वाढीबरोबर बदलतात. त्याच्या अँटिक्वस आणि कोची या प्रजातींना वेगळं ठेवणारी कारणं त्यातच विरघळली, जरी त्या साठ्यात आणखी कुठली प्रजाती लपली आहे का यावर वाद अजून चालू आहे.

म्हणून तुकड्यावर वय वाचायला शिका. पंखाच्या बोटाच्या पहिल्या हाडाच्या बुडाशी एक उंचवटा असतो, जिथे बोट सरळ करणारी कंडरा बसते. लहान जनावरात तो सुटा असतो, प्रौढात हाडाशी एकजीव होतो. तिथे शिवण दिसली की त्या नमुन्याच्या आकारमानावर किंवा प्रमाणावर प्रजाती उभी करायची नाही. हाडाचा पृष्ठभागही सांगतो: वाढत्या जनावराचं हाड बारीक छिद्रांचं आणि खरबरीत, प्रौढाचं गुळगुळीत. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची परवानगी मिळाली तर उत्तमच. बाहेरच्या कडेला दाट, जवळजवळ रक्तवाहिन्या नसलेला थर दिसला तर वाढ थांबलेली आहे असं धरता येतं.

आता लिंगभेद. हे प्रकरण टेरॅनोडॉनमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘संशयास्पद’ आणि ‘समानार्थी’ यातला फरक इथेच कळतो. कॅन्ससच्या नायोब्रेरा चॉकमधून टेरॅनोडॉनचे हजाराहून जास्त नमुने आलेत. बेनेट यांनी त्यात दोन आकार वेगळे काढले: लहान तुरा आणि रुंद कटी असलेले, बहुधा मादी, मोठा तुरा आणि अरुंद कटी असलेले, बहुधा नर. त्यांच्या मांडणीत प्रजाती उरल्या 2, लाँजिसेप्स आणि स्टर्नबर्गी, आणि त्यांच्यातला फरक कवटीत, मुख्यतः तुऱ्यात. पंखाची हाडं दोन्हींची सारखीच.

इथे पेच येतो. मार्शने १८७२ मध्ये ऑक्सिडेंटॅलिस, इन्जेन्स अशी नावं पंखाच्या वगैरे तुकड्यांवर देऊन ठेवली होती. लाँजिसेप्स हे नाव १८७६ चं, आणि ते कवटीवरचं. आता कुणी म्हणालं, ‘ऑक्सिडेंटॅलिस म्हणजे लाँजिसेप्सच की, मिसळून टाका’, तर नामकरणाच्या नियमांप्रमाणे जुनं नाव जिंकतं, आणि उत्तम कवटीवर उभं असलेलं नाव एका ओळखता न येणाऱ्या हाडापुढे मागे पडतं. पण मुळात ते पंखाचं हाड लाँजिसेप्सचं आहे की स्टर्नबर्गीचं हे सांगताच येत नाही. मग दोन्ही एकच, हे म्हणायला आधार कुठला? म्हणून ऑक्सिडेंटॅलिसला समानार्थी न म्हणता संशयास्पद म्हणायचं. समानार्थी म्हणणं हा ठाम दावा आहे: हे दोन नमुने एकाच प्रजातीचे आहेत. संशयास्पद म्हणणं म्हणजे, या नमुन्यावर प्रजातीपर्यंत पोचण्याएवढी खूणच नाही. यादी करणारे हे दोन शेरे अदलाबदलीने वापरतात, ते थांबवलं तरी बरंचसं काम होईल. (बेनेट यांची मांडणी सगळ्यांना मान्य नाही, २०१० मध्ये केलनर यांनी टेरॅनोडॉनचे तुकडे पाडून आणखी जीनस सुचवले. पण पंखाच्या सुट्या हाडाची अडचण त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.)

केंब्रिज ग्रीनसँडबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात खतासाठी फॉस्फेटचे गोळे खणले जात, त्या थरातून टेरोसॉरची शेकड्यांनी हाडं बाहेर आली. सगळी तुटकी, झिजलेली, कारण ती आधीच्या थरांतून धुपून येऊन दुसऱ्यांदा गाडली गेली होती. एका खोक्यातले दोन तुकडे एकाच जनावराचे असणं सोडाच, एकाच काळातले असतील याचीही खात्री नाही. ओवेन आणि हॅरी सीली या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञांनी त्यांच्यावर डझनावारी प्रजाती उभ्या केल्या, बहुतेक ऑर्निथोकायरस या जीनसखाली. सीलीने १८६९ च्या यादीत तर ही नावं संग्रहालयात शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत असंही म्हणून ठेवलं होतं. लोकांनी ती तरीही शंभर वर्षं प्रजाती म्हणून वापरली.

हा ढीग उपसायला टाइसा रॉड्रिग्ज आणि अलेक्झांडर केलनर यांनी २०१३ मध्ये जे केलं ते पद्धत म्हणून शिकण्यासारखं आहे. पंखाची, मणक्यांची हाडं जवळजवळ बाजूला ठेवायची, आणि जबड्याची टोकं एकमेकांशेजारी मांडायची. मग पाहायचं काय? तुरा आहे का, आणि असला तर अगदी टोकापासून सुरू होतो की बराच मागून. टाळूवरचा मधला उंचवटा दातांच्या कितव्या जोडीपाशी सुरू होतो. दातांच्या खोबणींचं आपसातलं अंतर, आणि कुठली खोबण शेजारच्यांपेक्षा मोठी किंवा छोटी. टोक वरून पाहिलं तर पसरट आहे की चिमटलेलं. उदाहरणच घ्या. ओवेनचा कोलोबोरिंकस क्लॅविरोस्ट्रिस हा दक्षिण इंग्लंडमधल्या वेल्डन थरांतला, म्हणजे ग्रीनसँडपेक्षा जुना, पण त्याच कुटुंबकबिल्यातला जबड्याच्या टोकाचा तुकडा. त्याची समोरची बाजू तासल्यासारखी सपाट आहे, आणि पहिल्या दोन दातांच्या खोबणी खाली न उघडता त्या सपाट भिंतीतून समोर उघडतात, बाकीच्या दातांच्या रांगेपेक्षा वर. अशी खूण असली की मुठीत मावणारा तुकडाही स्वतःचं नाव सांभाळू शकतो. टेक्सास, ब्राझील आणि मोरोक्कोमधल्या ज्या प्रजाती मध्यंतरी कोलोबोरिंकसमध्ये घातल्या गेल्या होत्या, त्यांच्यात या खुणांचा पूर्ण संच नाही, म्हणून २००८ च्या फेरतपासणीत त्या बाहेर काढल्या गेल्या. मूळचा एकटा उरला.

कमकुवत नावाखाली पाहुणे गोळा होण्याचा प्रकार मात्र फार महागात पडतो. ऱ्हॅम्फोसेफॅलस हे नाव इंग्लंडच्या मध्य ज्युरासिक टेरोसॉरांसाठी शंभराहून जास्त वर्षं सरसकट वापरलं गेलं. २०१८ मध्ये मूळ नमुना नीट पाहिला तर तो समुद्री मगरींच्या गटातल्या प्राण्याच्या कवटीचा वरचा भाग निघाला. नावच मगरीचं झाल्यावर त्याखाली ठेवलेले खरे टेरोसॉर बेघर झाले. त्यातल्या एका चांगल्या खालच्या जबड्याला क्लोबियोडॉन रोचेई हे नवं नाव द्यावं लागलं. ऑर्निथोडेस्मसचं तेच. मूळ प्रजाती क्लुनिक्युलस ही कटीच्या मणक्यांवरची, ती १९९३ मध्ये छोट्या मांसाहारी डायनोसॉरची ठरली. त्याच नावाखाली ठेवलेला चांगला टेरोसॉर, लॅटिडेन्स, २००१ मध्ये इस्टिओडॅक्टिलस झाला. म्हणून कुठल्याही जुन्या जीनसवर काही लादण्याआधी मूळ नमुन्याचा फोटो तरी पाहा, जमलं तर प्रत्यक्ष हाड. नंतर ‘संदर्भित’ केलेल्या नमुन्यांवरून केलेलं वर्णन चालणार नाही.

तुलना नेहमी त्याच हाडाची त्याच हाडाशी. टेक्सासचा क्वेत्झालकोअॅटलस नॉर्थ्रोपी १९७५ मध्ये मुख्यतः पंखाच्या हाडांवर मांडला गेला. त्याच भागातल्या बऱ्याच लहान पण भरपूर हाडं असलेल्या नातेवाइकाला घाईने त्याच प्रजातीत कोंबलं नाही. तो अनेक दशकं ‘क्वेत्झालकोअॅटलसची कुठलीतरी प्रजाती’ म्हणूनच राहिला, आणि २०२१ मध्ये सगळी हाडं तपासून त्याला लॉसोनी हे नाव मिळालं. याउलट कॅनडातल्या आल्बर्टाची अझ्डार्किड हाडं सवयीने क्वेत्झालकोअॅटलसच्या खात्यात टाकली जात होती. २०१९ मध्ये ती क्रायोड्रॅकॉन बोरियस म्हणून वेगळी काढली. दोन प्रजातींच्या मूळ नमुन्यांत एकही समान हाड नसेल, एकाचा जबडा आणि दुसऱ्याचा पंख, तर त्या एक आहेत असंही म्हणू नका आणि वेगळ्या आहेत असंही. ‘एकाच थरातल्या आहेत’ हे एकच कारण पुरत नाही. एकाच थरात चार-पाच प्रकारचे टेरोसॉर राहत असल्याची उदाहरणं आहेत.

संगणकावर नातेवृक्ष काढून हा प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यासाठीच्या खुणांच्या तक्त्यात जबड्याचं टोकच असलेल्या नमुन्याच्या बहुतेक रकान्यांत प्रश्नचिन्ह येतं, आणि तो वृक्षावर कुठेही उडी मारू शकतो. शिवाय स्वतःबरोबर शेजारच्या फांद्याही विस्कटतो. अशा नमुन्याला घालून एकदा आणि वगळून एकदा, असा दोनदा वृक्ष काढा. त्याची जागा एखाद्याच खुणेवर टिकत असेल तर ते तसंच लिहा. आणि विकत घेतलेला नमुना असेल तर त्याआधी क्ष-किरण. अरारिपेमधून बाजारात आलेल्या जीवाश्मांत विक्रेत्यांनी भर घालून लांबवलेले मुस्कट आढळलेत; इरिटेटर या डायनोसॉरचं प्रकरण त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पण एकट्या पंखावर प्रजाती उभी राहूच शकत नाही, असंही नाही. डॉर्सेटच्या किमरिज क्लेमधला ऱ्हॅम्फोरिंकस एच्चेसी २०१५ मध्ये पंखावरच मांडला गेला, कारण पंखाच्या बोटातल्या हाडांच्या लांबीचं आपसातलं प्रमाण म्युन्स्टेरीच्या सगळ्या वयांपेक्षा वेगळं आहे. हे म्हणता आलं ते म्युन्स्टेरीचे लहान-मोठे नमुने भरपूर असल्यामुळे. तुलनेला माल नसता तर तोच पंख संशयास्पद ठरला असता.

तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर संशयास्पद नावं खोडू नका. वेगळ्या भागात, नाव, वर्ष, मूळ हाड कुठलं, आणि ते जिथपर्यंत ओळखता येतं तो गट, एवढं लिहा. विविधता मोजताना त्यांना प्रजाती म्हणून धरायचं नाही, पण त्या ठिकाणी, त्या काळात तो गट होता याचा पुरावा म्हणून धरायचं. डर्मोडॅक्टिलस तिथे उपयोगी आहेच. त्याच जागी पुढे चांगला सांगाडा मिळाला तर तो जुन्या कमकुवत नावात ओतायचा मोह टाळा, नव्या नमुन्याला नवं नाव द्या. जुनं नाव फारच रुजलेलं असेल आणि ते वाचवणं सगळ्यांच्या सोयीचं असेल, तर आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे अर्ज करून, ओळखता न येणाऱ्या मूळ नमुन्याच्या जागी नवा नमुना नेमून घेता येतो. संहितेच्या ७५.५ कलमात ती सोय आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत नाव जिथे आहे तिथेच राहतं.